ग्रीसची क्रूझ: व्हिसाच्या स्टिकरवर ‘मल्ट’ आहे ना?

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सुटणाऱ्या बऱ्याच क्रूझ मिकोनोस, सँटोरिनी करताना तुर्कस्तानातल्या कुशादासीलाही थांबतात. एफेससचे प्राचीन अवशेष तिथून जवळ. भारतीय पासपोर्टवाल्यांची गफलत नेमकी इथेच होते. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या ‘शेंगेन’ गटात ग्रीस आहे, तुर्कस्तान नाही. कुशादासीला गेलात की शेंगेनबाहेर पडलात आणि परत पिरेयसला उतरणं ही दुसरी एंट्री झाली. सिंगल एंट्रीचा व्हिसा तोवर संपलेला असतो, त्यामुळे जहाजावर चढतानाच अडवलं जाऊ शकतं.

म्हणून अर्जात ‘मल्टिपल एंट्री’च मागा आणि बुकिंगसोबत बंदरांची तारीखवार यादी जोडा. पासपोर्ट हातात आला की तिथल्या तिथे स्टिकर वाचा. ‘नंबर ऑफ एंट्रीज’खाली ‘०१’ दिसलं तर लगेच विचारा, ‘मल्ट’ हवं. तुर्कस्तानसाठी वैध शेंगेन व्हिसावर भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. तुमची क्रूझ कंपनी तो मागते का, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्या.

शेंगेन व्हिसासाठी, गटातल्या ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर इतकं ताणू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, शेंगेन सोडल्यानंतर ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी असलेला हवा. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न आणि ऑफिसचं रजेचं पत्र लागतं. मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबरच जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र आणि जन्मदाखला.

नावाकडे नीट बघा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं आणि पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात पहिल्या नावाला लागूनच छापलेलं असतं. क्रूझच्या बुकिंगमध्येही तसंच्या तसं लिहा.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात, त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत बरेचदा संध्याकाळ होते. माझ्या मावशीने पासपोर्ट जपून साड्यांच्या घडीत ठेवला होता. नशिबाने आदल्या रात्री हॉटेलवर लक्षात आलं. पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि औषधं खांद्यावरच्या पिशवीतच असू द्या.