सिस्टिम कॉल, असेंब्ली मॅक्रोंद्वारे

ऑपरेटिंग सिस्टिमकडून एखादे काम करवून घेण्यासाठी (म्हणजेच सिस्टिम कॉलसाठी) लागणाऱ्या यंत्रसूचना असेंब्ली भाषेतील मॅक्रोत, म्हणजे एका नावाखालील सूचनासंचात, बांधून ठेवण्याची पद्धत. फाइल वाचणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, मेमरी मागणे ही कामे प्रोग्राम थेट करीत नाही. तो सेवेचा क्रमांक एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागेत) आणि तपशील इतर रजिस्टरांत ठेवतो, मग एक खास सूचना देतो. प्रोसेसर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यात जातो आणि काम उरकल्यावर परततो. (मूळ ८०८६ प्रोसेसरवर कर्नलची वेगळी संरक्षित अवस्थाच नव्हती, तेथे ‘इंट’ (इंटरप्ट) ही सूचना म्हणजे तक्त्यात पत्ता पाहून मारलेली उडी होती.) मॅक्रो आणि फंक्शन यांत फरक असा, की मॅक्रोचे नाव जेथे येते तेथे त्या सूचना जशाच्या तशा उतरतात. मधला उंबरठा नसल्याने आजूबाजूच्या कोडची रजिस्टरे बिघडण्याचा धोकाही तेथेच असतो.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. मँचेस्टर येथील ॲटलस संगणकाकडे (उद्घाटन डिसेंबर १९६२) बोट दाखवण्याचा प्रघात आहे. त्यात ‘एक्स्ट्राकोड’ नावाच्या सूचना होत्या. त्या दिसायला साध्या यंत्रसूचनांसारख्या, पण प्रत्यक्षात कायम स्मृतीतील उपप्रोग्रामकडे नेणाऱ्या. मात्र त्यांत गणिती फलेही होती आणि उपकरणे हाताळणेही. म्हणजे आज ज्याला सिस्टिम कॉल म्हणतात तो त्यांचा एक भाग ठरतो, सगळा नव्हे.

दुसरे मत आयबीएमच्या सिस्टिम/३६० कडे (घोषणा एप्रिल १९६४) झुकते. त्यातील ‘एसव्हीसी’ (सुपरव्हायजर कॉल) ही सूचना दोन बाइटची असून दुसऱ्या बाइटमध्ये सेवेचा क्रमांक बसतो. म्हणून ० ते २५५ एवढेच क्रमांक शक्य. प्रोग्रामर हे क्रमांक सहसा लिहीत नसे. तो ‘ओपन’, ‘क्लोज’, ‘डब्ल्यूटीओ’ असे मॅक्रो लिही आणि असेंब्लर (असेंब्लीचे यंत्रसूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम) ते उलगडे. डब्ल्यूटीओ, म्हणजे ऑपरेटरला संदेश, याचा विस्तार पाहण्याजोगा आहे : संदेशाचा मजकूर कोडच्या मध्येच ठेवला जाई, एका उडीने तो ओलांडताना त्याचा पत्ता पहिल्या क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये येई, आणि मग एसव्हीसी ३५. येथेही सावधगिरी हवी, कारण ‘गेट’ आणि ‘पुट’ हे तसेच दिसणारे मॅक्रो एसव्हीसी न देता वाचन-लेखनाच्या उपप्रोग्रामकडे साधी उडी मारीत. एकंदरीत संकल्पना ॲटलसची आणि मॅक्रोची रीत ३६० ची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पीडीपी-११ या लघुसंगणकावरील युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये क्रमांक ‘ट्रॅप’ या सूचनेतच असे आणि पुष्कळशी आर्ग्युमेंट (कॉलला द्यायचे तपशील) तिच्या मागोमाग कोडमध्ये लिहिली जात. चूक झाल्याचे कॅरी बिट या प्रोसेसरमधील खुणेवरून कळे. पण कोडचा भाग केवळ वाचण्याजोगा ठेवला, की त्यातील आर्ग्युमेंट चालू प्रोग्रामला बदलता येईनात. त्यासाठी शून्य क्रमांकाचा ‘इनडिर’ हा कॉल होता; तो खरी सूचना डेटाच्या भागातून उचले. सीपी/एम या सुरुवातीच्या मायक्रोसंगणकांवरील ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सी रजिस्टरमध्ये क्रमांक घालून पत्ता ५ ला कॉल करीत. अक्षर छापण्यासाठी २ आणि डॉलर चिन्हापर्यंतची ओळ छापण्यासाठी ९, हे त्यातले क्रमांक एमएस-डॉसने १९८१ मध्ये जसेच्या तसे ठेवले.

लिनक्समधील रूप : सप्टेंबर १९९१ च्या ०.०१ आवृत्तीत ‘सिस्कॉल०’ ते ‘सिस्कॉल३’ हे मॅक्रो होते; शेवटचा आकडा आर्ग्युमेंटची संख्या सांगतो. क्रमांक ईएएक्स या रजिस्टरमध्ये, आर्ग्युमेंट ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स या रजिस्टरांत, मग षोडशमान ८० क्रमांकाचा इंटरप्ट. उत्तर शून्य किंवा अधिक असेल तर ते परत करायचे. ऋण असेल तर चिन्ह उलटवून ‘एररनो’ या चुकीचा क्रमांक सांगणाऱ्या चलात ठेवायचे आणि -१ द्यायचे. सिस्टिम सुरू होताना कर्नलमधूनच केलेला ‘फोर्क’ (चालू प्रोग्रामची दुसरी प्रत सुरू करणारा कॉल) मात्र मुद्दाम इनलाइन, म्हणजे फंक्शनऐवजी जागीच उतरणारा, ठेवलेला होता. तेव्हा कर्नलच्या जागेत फोर्क केल्यास स्टॅकची (परतीचे पत्ते वगैरे ठेवण्याच्या मेमरीची) वेगळी प्रत होत नसे. फंक्शन म्हणून बोलावले असते तर परततानाच स्टॅक वापरला गेला असता. म्हणजे येथे मॅक्रो सोयीसाठी नव्हता, त्यावाचून भागत नव्हते.

‘ऋण म्हणजे चूक’ हा नियम पुढे अपुरा पडला. ३२ बिटी यंत्रावर २ जीबीच्या पुढील पत्ता चिन्हांकित संख्या म्हणून वाचला तर ऋण दिसतो, आणि मेमरी मागण्याचा ‘एममॅप’ हा कॉल असा पत्ता देऊ शकतो. म्हणून चिन्हरहित तुलना आली : आधी -१२५ ते -१ एवढीच उत्तरे चूक मानली जात, आज ही मर्यादा -४०९५ ते -१ अशी आहे. दुसरी अडचण ईबीएक्सची. शेअर्ड लायब्ररीच्या (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या) कोडमध्ये कंपायलर ते रजिस्टर स्वतःसाठी राखून ठेवी आणि मॅक्रो तेच मागे; मग जीसीसी हा कंपायलर योग्य रजिस्टर सापडत नसल्याची तक्रार करी. शिवाय मेमरी बदलू शकते किंवा वाचली जाईल हे इनलाइन असेंब्लीत कळवले नाही, तर बफरमधला मजकूर अजून रजिस्टरांतच असताना कॉल होऊन जातो. २००६ च्या २.६.१८ आवृत्तीच्या सुमारास हे मॅक्रो वापरकर्त्यांच्या हेडर फाइलींतून काढले गेले.

६४ बिटी प्रोसेसरवरील ‘सिस्कॉल’ ही सूचना परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग आर११ मध्ये लिहिते. त्यामुळे चौथे आर्ग्युमेंट, जे सी फंक्शनसाठी आरसीएक्समध्ये जाते, ते कर्नलसाठी आर१० मध्ये हलवावे लागते.

बेळगाव परिसर : सीमाभागातील विद्यार्थ्यांची या विषयाशी ओळख बहुधा डॉसमार्गे झाली. बेळगाव येथे १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. उद्यमबागेतील गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याआधीचे, १९७९ चे. विद्यापीठाच्या संगणक शाखेच्या जुन्या अभ्यासक्रमांत मॅस्म या मायक्रोसॉफ्टच्या असेंब्लरवर ८०८६ चे प्रयोग असत. खानापूर, निपाणीकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पुस्तक इंग्रजी आणि शेजारच्या टेबलावरची चर्चा मराठी-कन्नड, असा हा विषय शिकावा लागे. रजिस्टरांची नावे तिन्ही भाषांत तीच, हे त्यातल्या त्यात बरे.

नमुन्यादाखल संगणकाची वेळ पडद्यावर दाखवण्याचा प्रयोग घेता येईल. एएचमध्ये षोडशमान २सी घालून इंट २१ (हाही आकडा षोडशमान) दिला, की सीएचमध्ये तास, सीएलमध्ये मिनिटे, डीएचमध्ये सेकंद आणि डीएलमध्ये सेकंदाचे शतांश येतात. तास एएलमध्ये घेऊन ‘एएएम’ सूचना दिली, की दहंचा अंक एएचमध्ये आणि एककाचा एएलमध्ये जातो. आता अक्षर छापण्याचा मॅक्रो लिहिला तर तो एएचमध्ये २ घालणार, म्हणजे दहंचा अंक गेला. म्हणून एएएमनंतर दोन्ही अंक आधी बीएक्समध्ये सरकवावे लागतात. छापायचे अक्षर डीएलमध्ये ठेवायचे असल्याने शतांश तर पहिल्याच अक्षराला पुसले जातात. ते हवे असतील तर आधीच बाजूला ठेवलेले बरे. तोंडी परीक्षेचा ठेवणीतला प्रश्न : ओळीच्या शेवटी डॉलर विसरले तर? पुढे मेमरीत जे असेल ते, डॉलर भेटेपर्यंत, छापले जाते. मॅक्रोत लेबल असेल आणि तो दोनदा वापरला, तर तेच नाव पुन्हा आल्याची चूक येते. ‘लोकल’ लिहिल्यावर असेंब्लर दर वेळी नवे नाव घडवतो.

६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्राम चालवीत नाही, म्हणून असे प्रयोग आता डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये करावे लागतात. लिनक्सकडे वळल्यावर क्रमांकांचा घोळ होतो : लिहिण्याचा कॉल ३२ बिटी पद्धतीत ४, ६४ बिटीत १, प्रोग्राम संपवण्याचा अनुक्रमे १ आणि ६०. जुना षोडशमान ८० चा इंटरप्ट ६४ बिटी प्रोग्राममध्येही सहसा चालतो, पण पत्त्याचे खालचे ३२ बिटच पाहतो. त्यामुळे डेटाच्या भागातली ओळ नीट छापली जाऊ शकते आणि स्टॅकवरची ओळ -१४, म्हणजे चुकीचा पत्ता, असे उत्तर घेऊन परत येते.