लेझरने अणू थंड कसे होतात?

'लेझर म्हणजे उष्णता. त्याने वस्तू जळेल, थंड कशी होईल?' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. शंका रास्त आहे, लेझरने पोलादही कापतात.

पण तापमान म्हणजे शेवटी अणूंची धावपळ. खोलीच्या तापमानाला रुबिडियम या धातूचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने पळतो. समोरून आलेला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा एक प्रकाशकण त्याने गिळला, की वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटरने घटतो. तोच प्रकाश तो पुन्हा बाहेर टाकतो, पण कुठल्याही दिशेला, म्हणून ते धक्के सरासरीत एकमेकांना खोडतात. समोरून असे ५०,००० धक्के बसले की अणू जवळपास थांबतो. खरी मेख पुढेच आहे: लेझरची वारंवारता अणू जी गिळतो तिच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. लेझरकडे धावणाऱ्या अणूला ती वाढलेली भासते, त्यामुळे लेझर मुख्यतः अशा समोरून येणाऱ्या अणूंनाच जुळतो.

पडताळा? लेझर बंद करायचा आणि अणूंचा ढग पसरताना फोटो घ्यायचे. जितका सावकाश पसरला तितका थंड.

हेच अणू आणखी थंड करून समोरासमोरच्या लेझरांनी घडवलेल्या, अंड्यांच्या ट्रेसारख्या खळग्यांत बसवतात. खळग्यांतलं अंतर स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराच्या हजारपटींच्या घरात असतं. खळगे स्फटिकाची आणि अणू इलेक्ट्रॉनांची जागा घेतात; त्यामुळे घन पदार्थात इलेक्ट्रॉन कसे वागतात, ते इथे एकेक अणू पाहून अभ्यासता येतं.