जामीन राहिलेले सरकार : अमेरिकी माजी सैनिकांच्या गृहकर्जाची पार्श्वभूमी

अमेरिकेत माजी सैनिकाला घर घेताना पदरचे काहीही आगाऊ न भरता कर्ज मिळू शकते, हे ऐकले की तेथील सरकार सैनिकांना कर्ज वाटते, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात काही अपवाद सोडले तर सरकार कर्ज देतच नाही. पैसे बँकेचे किंवा गृहकर्ज देणाऱ्या खासगी कंपनीचे असतात. माजी सैनिक व्यवहार विभाग त्या कर्जाच्या ठरावीक हिश्शाला, आजच्या बहुतेक कर्जांच्या बाबतीत पाव हिश्शाला, फक्त जामीन राहतो. कर्ज न देता जामीन राहण्याचा हा निर्णय 1944 सालचा आहे, आणि योजनेच्या यशाचे तसेच तिच्यातील अन्यायाचे मूळ त्याच निर्णयात सापडते.

1944 साली सैनिकांचा विचार एवढ्या घाईने झाला, त्यामागे 1932 ची आठवण होती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांना 1924 च्या कायद्याने भरपाईची प्रमाणपत्रे देण्यात आली होती, मात्र त्यांची पूर्ण रक्कम 1945 मध्ये मिळायची होती. महामंदीत हातचे काम गेल्यावर हजारो माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला आले, ॲनाकोस्टिया नदीकाठी पत्र्याच्या आणि लाकडी फळकुटांच्या झोपड्या घालून राहिले आणि ती रक्कम आताच मागू लागले. 28 जुलै 1932 रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मरण पावले आणि अध्यक्ष हूवर यांच्या आदेशानंतर जनरल मॅकआर्थर यांच्या फौजेने आंदोलकांना हुसकावून लावले. त्या रात्री झोपड्याही जळाल्या. आपल्याच सैनिकांवर आपलेच सैन्य चालून गेल्याचे ते दृश्य अमेरिकी राजकारणाला दीर्घकाळ विसरता आले नाही. दुसऱ्या महायुद्धात तर गणवेशात दीड कोटीहून अधिक माणसे होती.

माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे एक माजी प्रमुख, कॅन्सासमधील टोपीका येथील वकील हॅरी कोल्मरी यांनी 1943-44 च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून, हॉटेलच्याच कागदांवर, परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण, कर्ज अशा सवलती देणाऱ्या 1944 च्या कायद्याचा मसुदा हाताने लिहून काढला. सिनेट आणि प्रतिनिधीगृह या दोन्ही सभागृहांत विधेयकाविरुद्ध एकही मत पडले नाही, तरीही ते बुडता बुडता वाचले. दोन सभागृहांच्या मसुद्यांचा मेळ घालणाऱ्या समितीत प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांत बरोबरी झाली आणि मिसिसिपीचे जॉन रँकिन आजारी सहकारी जॉन गिब्सन यांचे मत त्यांच्या वतीने धरायला तयार होईनात. मग लीजनच्या लोकांनी जॉर्जियात गिब्सन यांना शोधून काढले, रातोरात मोटारीने जॅक्सनव्हिलच्या विमानतळावर नेले आणि 10 जूनच्या सकाळी समितीपुढे उभे केले. 22 जून 1944 रोजी रूझवेल्ट यांची सही झाली. हाच तो ‘जी. आय. बिल’ म्हणून ओळखला जाणारा कायदा.

आपल्याकडे त्याचे नाव निघते ते बहुधा शिक्षणाच्या संदर्भात. गृहकर्जाचे कलम सुरुवातीला तसे बेताचेच होते. कर्जाच्या निम्म्या रकमेला, पण कमाल 2,000 डॉलरपर्यंत हमी, व्याज जास्तीत जास्त 4 टक्के आणि मुदत 20 वर्षे. त्यातही घराची किंमत ‘वाजवी सामान्य मूल्या’पेक्षा जास्त नसावी, अशी अट होती. युद्धानंतरच्या टंचाईत किमती इतक्या चढल्या की ‘सामान्य’ मूल्यात बसणारे घर मिळेना. डिसेंबर 1945 च्या दुरुस्तीत ‘सामान्य’ हा एक शब्द वगळला गेला, हमी 4,000 डॉलर झाली, मुदत 25 वर्षे झाली आणि रखडलेली योजना चालू लागली. 1950 मध्ये हमी 7,500 डॉलरपर्यंत गेली. 1952 पर्यंत दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या सुमारे 24 लाख गृहकर्जांना सरकार जामीन राहिलेले होते.

त्या 24 लाखांमागचे घर कसे होते, ते न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये दिसते. बटाट्याच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या या वसाहतीतील 1949 चे घर 32 फूट बाय 25 फुटांचे होते. तळघर नाही, जमिनीवर थेट काँक्रीटचा थर आणि किंमत 7,990 डॉलर. माजी सैनिकाला आगाऊ रक्कम भरावी लागत नसे आणि महिन्याचा हप्ता 58 डॉलरच्या आसपास बसे. पण लेव्हिट कंपनीच्या सुरुवातीच्या करारात गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणालाही, घरकामाचे नोकर सोडून, तेथे राहू देऊ नये असे कलमही छापलेले होते.

सरकारने स्वतःची तिजोरी उघडली असती, तर निदान कायद्यापुढे सर्व सैनिक सारखे, असा आग्रह धरता आला असता. जामीन राहायचे ठरल्यावर मात्र अर्ज मंजूर करणारा हात गावातल्या बँकेचाच राहिला आणि दक्षिणेतल्या बँकेत कृष्णवर्णीय सैनिकाला दारातूनच परत पाठवणे हा रिवाज होता. 1947 मध्ये मिसिसिपीत हमी मिळालेल्या घर, शेती व व्यवसायाच्या 3,229 कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली फक्त 2. वांशिक कलमांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निकाल 1948 मध्ये आला. पण सरकारी साहाय्याच्या घरांत भेदभावाला बंदी घालणारा अध्यक्षीय आदेश निघायला 1962 आणि सर्वसाधारण कायदा व्हायला 1968 उजाडले. तोवर दोन पिढ्यांच्या मालमत्तेतला फरक पडून गेलेला होता.

त्यानंतरचा इतिहास बराचसा व्याप्ती वाढत जाण्याचा आहे. कोरियाच्या युद्धातील सैनिक 1952 मध्ये, शांतताकाळात सेवा केलेले 1966 मध्ये आणि राखीव दलांतील लोक 1992 मध्ये योजनेत आले. 1980 च्या दशकापासून कर्जदाराकडून शुल्क घेतले जाते. आज शून्य आगाऊ रकमेच्या पहिल्या कर्जावर ते 2.15 टक्के असून सेवेतील अपंगत्वाची भरपाई मिळणाऱ्यांना माफ आहे. 2020 पासून हमीचा पूर्ण हक्क शिल्लक असलेल्यांसाठी, म्हणजे आधीच्या कर्जात तो अडकलेला नाही अशांसाठी, कर्जाची सरकारी मर्यादाही गेली. आजवरच्या कर्जांची संख्या अडीच कोटींच्या पुढे आहे.

सरकारने स्वतः सावकारी केली ती मोजक्या ठिकाणी. खासगी कर्ज पोहोचत नाही अशा ग्रामीण भागांसाठी 1950 मध्ये थेट कर्जे सुरू झाली, तर मूळनिवासी जमातींच्या, पण सरकारने विश्वस्त म्हणून धारण केलेल्या जमिनीवर बँका गहाण घ्यायला तयार नसल्याने 1992 मध्ये त्यांच्यासाठी वेगळी योजना आली. तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा. मे 2024 अखेर विभागाने हप्ते थकलेली कर्जे कंपन्यांकडून विकत घेऊन ती 2.5 टक्के व्याजाने स्वतःच्या खात्यावर चालवायला सुरुवात केली. जामीन स्वतःच धनको झाल्याची ही व्यवस्था वर्षभरही टिकली नाही; करदात्यांवरील जोखमीचा आक्षेप घेत 1 मे 2025 पासून नवे अर्ज बंद झाले. 30 जुलै 2025 रोजी सही झालेल्या कायद्याने तिच्या जागी दुसरा मार्ग दिला आहे : थकलेली रक्कम विभागाने कंपनीला भरायची आणि तेवढ्याच रकमेचा दुय्यम बोजा, आपल्याकडे सातबाऱ्यावर सोसायटीचा चढतो तसा, सैनिकाच्या घरावर चढवायचा. मूळ कर्ज कंपनीकडेच राहते.