मेंदू एवढासा, पण गच्च भरलेला

‘पाखराचा मेंदू तो केवढा, त्यात अक्कल किती मावणार?’ समज जुना आहे, पण चुकीचा. मेंदूचा आकार नव्हे, त्यातले न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, मोजायला हवेत. मेंदूशास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते मोजले. मकाव पोपटाचा मेंदू जेमतेम अक्रोडाएवढा. मकाक माकडाचा त्याहून बराच मोठा. तरी अग्रमेंदूतले, म्हणजे विचार करणाऱ्या पुढच्या भागातले, न्यूरॉन पोपटाकडेच जास्त! पक्ष्यांचे न्यूरॉन लहान आणि दाटीवाटीने बसलेले असतात, म्हणून हे जमतं. अर्थात सगळ्यांचं सारखं नाही. पोपट आणि कावळ्यांच्या मानाने कोंबडी, इमू बरेच मागे. ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने तर सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली खाऊची छोटी बादली वर ओढली. ही गोष्ट २००२ सालची.