आयरिश पूर्वजांचे मूळ गाव: जळालेले कागद आणि 'पॅरिश' या शब्दाचा घोळ

आयरिश वंशाच्या अमेरिकन, कॅनेडियन किंवा ऑस्ट्रेलियन कुटुंबाने पूर्वजांचे गाव शोधायला घेतले, की सर्वांत आधी एकच वाक्य कानी पडते: आयर्लंडचे सगळे कागद १९२२ मध्ये जळाले. हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि या अर्ध्या सत्यापायी पुष्कळांनी शोध मध्येच सोडून दिला आहे. आयर्लंडमधील यादवी युद्ध सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनमधील न्यायालयांच्या संकुलात मोठा स्फोट झाला आणि तेथील अभिलेखागार आगीत गेले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार शिरगणत्यांची बहुतेक पत्रके, शेकडो वर्षांची मृत्युपत्रे आणि अँग्लिकन (राजमान्य प्रोटेस्टंट) चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्या दिवशी नाहीशा झाल्या. मात्र १८६१ आणि १८७१ च्या शिरगणतीची पत्रके त्या आगीत नव्हतीच. गणना झाल्यावर काही काळातच ती सरकारी आदेशाने नष्ट करण्यात आली होती. १८८१ आणि १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेली आणि त्याचे कारण कागदाची टंचाई असे सांगितले जाते. याच चार वर्षांची इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील पत्रके मात्र आजही वाचायला मिळतात. बटाट्याच्या दुष्काळानंतर ज्या चार दशकांत घरेच्या घरे बोटीवर चढली, त्या दशकांची माहिती बंदुकांनी नव्हे, तर कार्यालयीन निर्णयांनी पुसली गेली, हे स्पष्टपणे सांगायला हवे. आयर्लंडमध्ये संपूर्ण उपलब्ध असलेली सर्वांत जुनी शिरगणती त्यामुळे १९०१ ची ठरते, आणि तोपर्यंत अनेकांचे पूर्वज देश सोडून पन्नास वर्षे उलटली होती.

धर्माप्रमाणेही नोंदींचे नशीब वेगळे ठरले. अँग्लिकन चर्चचा राजमान्य दर्जा १८६९ च्या कायद्याने काढून घेण्यात आला, त्यानंतर त्याच्या जुन्या नोंदवह्या सार्वजनिक अभिलेख ठरल्या आणि सुरक्षिततेसाठी म्हणून मोठ्या संख्येने डब्लिनला पाठवल्या गेल्या. बहुसंख्य कॅथलिकांच्या नोंदींना असा मान मिळाला नाही. त्या गावोगावच्या पाद्र्यांच्या कपाटांत राहिल्या, आणि म्हणूनच वाचल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांचे सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) तयार झाले आणि २०१५ मध्ये त्यांच्या प्रतिमा इंटरनेटवर विनामूल्य खुल्या झाल्या. पश्चिमेकडील गरीब भागांत मात्र या वह्या बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकापासून किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, आणि त्यांतील नावे अनेकदा लॅटिनमध्ये असतात, म्हणजे घरात जो जेम्स तो वहीत जेकोबस असतो.

जळालेल्या शिरगणत्यांचा एक अंश फार अनपेक्षित वाटेने वाचला आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरिबांना निवृत्तिवेतन मंजूर झाले, परंतु सर्व जन्मांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासूनच सुरू झालेली असल्यामुळे म्हाताऱ्यांजवळ वयाचा दाखला नव्हता. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री देशभर भयंकर वादळ झाले होते. त्या रात्री आपण हातात बटाटा धरून खाण्याएवढे होतो, अशी आठवण पुष्कळांनी पुरावा म्हणून पुढे केली. दुसरा उपाय असा होता, की आईवडिलांची नावे आणि घराचा ठावठिकाणा लिहून द्यायचा आणि १८४१ किंवा १८५१ च्या पत्रकात ते कुटुंब शोधून घ्यायचे. कारकुनाने पत्रकातून उतरवून घेतलेल्या या नोंदी अर्जांसह शिल्लक आहेत. मूळ पत्रक राख झाले, पण एखाद्या वृद्धेच्या अर्जापुरते तिचे आईवडील आणि भावंडे वयांसह कागदावर उरली. तिची जी भावंडे पुढे अमेरिकेला गेली असतील, त्यांच्या वंशजांना आज तेवढा एक कागद पुरतो.

तरीही शोध जिथे सर्वाधिक वेळा अडतो ते ठिकाण आगीशी संबंधित नाही. तो 'पॅरिश' या शब्दाशी अडतो. वसईच्या ख्रिस्ती मराठीत पॅरिशला धर्मग्राम म्हणतात आणि एका चर्चची एक हद्द एवढा त्याचा सरळ अर्थ होतो. आयर्लंडमध्ये हा शब्द एकाच जमिनीवर दोन नकाशे टाकतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर मध्ययुगीन पॅरिशच्या हद्दी आणि नावे राजमान्य अँग्लिकन चर्चकडे राहिली, आणि पुढे सरकारने कर-आकारणी व जमीन-मोजणीसाठी त्याच हद्दी धरल्या. त्यांना 'सिव्हिल पॅरिश' म्हणतात आणि त्यांची संख्या सुमारे अडीच हजार आहे. इमारती आणि उत्पन्न दोन्ही गमावलेल्या कॅथलिक चर्चने आपली घडी पुन्हा बसवली, तेव्हा त्याच्या पॅरिश पुष्कळदा दोन-तीन जुन्या एकत्र करून आकाराने मोठ्या झाल्या आणि त्यांना वेगळी नावे पडली. म्हणजे एकाच शेतकऱ्याची जमीन कराच्या वहीत एका पॅरिशमध्ये असते आणि त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे भलत्याच नावाच्या पॅरिशमध्ये सापडतात. त्यावर १८३८ च्या गरीब-साहाय्य कायद्याने तिसरा नकाशा टाकला. बाजारपेठेचे गाव मध्यभागी धरून 'संघ' नावाचे विभाग आखले गेले, ते काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रदेशाच्या, सीमा ओलांडून पसरले आणि जन्म-मृत्यूच्या नोंदणीसाठी पुढे हेच विभाग वापरले गेले. बॅलिनस्लो या विभागात गॉलवे आणि रॉसकॉमन या दोन्ही काउंट्यांचा भाग येत असे. दाखल्यावर बॅलिनस्लो वाचून केवळ गॉलवेतच वर्षानुवर्षे शोधत राहणारे वंशज म्हणूनच रिकाम्या हाती परततात.

या सर्वांच्या तळाशी 'टाउनलँड' असते. नावात टाउन असले तरी तेथे नगर नसते आणि गावठाणही लागत नाही. सरासरी तीनशे एकरांच्या आसपासचा जमिनीचा तुकडा, त्यावर चार-सहा घरे, कधी एकही नाही. असे साठ हजारांहून अधिक तुकडे आहेत आणि त्यांची नावे वारंवार पुन्हा येतात. किलमोर हे नाव घेतले तर ते अनेक काउंट्यांमध्ये सापडते, आणि मूळ आयरिश भाषेत कुठे त्याचा अर्थ मोठे चर्च होतो, तर कुठे मोठे रान. स्थलांतरिताने आपले गाव म्हणून सांगितले ते बहुधा याच तुकड्याचे नाव असे, आणि परदेशी कारकुनाने ते कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले.

म्हणूनच शोधाची सुरुवात आयर्लंडमध्ये करू नये, तर जेथे माणूस जाऊन स्थायिक झाला तेथील कागदांपासून करावी. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांसाठी १८५० मध्ये सुरू झालेल्या एका बचत बँकेने खातेदाराची ओळख पटवण्यासाठी त्याचे जन्मस्थान, आईवडील, भावंडे आणि तो कोणत्या बोटीने आला ही माहिती लिहून ठेवली, आणि त्यात टाउनलँडपर्यंतचा पत्ता अनेकदा येतो. बॉस्टनच्या एका कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ पासून सुमारे नव्वद वर्षे हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती छापल्या जात, त्यांतही काउंटी आणि पॅरिश दिलेली असे. ऑस्ट्रेलियातील मृत्यूच्या दाखल्यांवर मृताच्या आईवडिलांची नावे मिळतात. महाराष्ट्रातही असा एक धागा आहे. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेत आयरिश शिपायांचा मोठा भरणा होता. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह आणि दफन यांच्या प्रती नियमाने लंडनला जात, आणि कंपनीच्या भरतीच्या नोंदींत जन्माची पॅरिश, वय आणि धंदा लिहिलेला असे. पुण्यात किंवा कुलाब्याला जन्मलेल्या मुलापासून त्याच्या बापाच्या आयरिश पॅरिशपर्यंत याच वाटेने पोहोचता येते.

घरातील आठवणींना कागदाचा आधार लागतो, याचे ठळक उदाहरण एलिस बेटाचे, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राचे, आहे. १ जानेवारी १८९२ रोजी तेथून आत आलेली पहिली व्यक्ती कॉर्कची एक किशोरवयीन मुलगी होती. पुढे टेक्सासमध्ये गेलेली त्याच नावाची बाई म्हणजे तीच, असे अनेक दशके मानले गेले. ती बाई मुळात इलिनॉयमध्ये जन्मलेली होती, हे दाखल्यांवरून कळले, आणि २००६ मध्ये स्पष्ट झाले की खरी मुलगी न्यूयॉर्क सोडून कधी गेलीच नव्हती.

टाउनलँड एकदा निश्चित झाले, की १८४७ ते १८६४ या काळात घराघराची झालेली कर-आकारणी कामी येते, कारण बहुतेक शिरगणती-पत्रके नसलेल्या त्या काळात कुटुंबप्रमुखांची देशव्यापी यादी तीच आहे. तिच्या पुढच्या दुरुस्ती-वह्या विसाव्या शतकापर्यंत चालू राहिल्या. एखाद्या जमिनीचा ताबा बदलला, की जुने नाव खोडून नवे लिहीत आणि बदलाचे वर्ष समजावे म्हणून निरनिराळ्या रंगांची शाई वापरत. अशा एका पानावर बापाचे नाव लाल रेघेखाली जाते आणि वर मुलाचे येते, मग निळ्या रेघेने मुलाचेही जाते आणि शेजारच्या शेतकऱ्याचे येते; समासात वर्ष असते, आणि वर्णनाच्या रकान्यातील 'घर' हा शब्दही त्याच शाईने खोडलेला असतो.