कोपनहेगनची सायकल ‘रक्तातली’ नव्हे

रंकाळ्यावर भेळ खाताना विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “भावा, कोपनहेगनची माणसं पहिल्यापासून सायकलवालीच. आपल्याला न्हाई जमायचं.”

अर्धंच खरं. सायकली तिथं जुन्याच, पण १९५०-६० च्या दशकांत डेन्मार्कच्या या राजधानीतही मोटारींनी त्यांना मागं ढकललं होतं. १९६२ मध्ये स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा धंदा बसेल म्हणून व्यापारी ओरडले. (महाद्वार रोडवर असं सुचवून बघा!) धंदा काही बसला नाही. मग १९७३ चं तेलसंकट आलं, रविवारी मोटारी बंद झाल्या. पुढं लोकांनी सायकलमार्गांसाठी मोर्चे काढले.

आणि तो मार्ग म्हणजे नुसता रंगवलेला पट्टा नव्हे. रस्त्यापेक्षा चार बोटं उंच, पदपथापेक्षा खाली. मधे कडेचा दगड, त्यामुळं चारचाकी सहज आत घुसत नाही. हिवाळ्यात बर्फही तिथला आधी काढतात.

बंदराच्या पाण्याचंही तसंच. त्यात सांडपाणी जायचं. गटारव्यवस्था सुधारली आणि २००२ पासून लोक तिथं पोहतात. पंचगंगेच्या घाटावर उभं राहून हे सांगताना मला जरा ओशाळल्यासारखं होतं.