नॅनोकणांवरील लिगँड

असेंद्रिय नॅनोकणाच्या पृष्ठभागावरील अणूंशी जोडल्या जाणाऱ्या रेणूंना लिगँड म्हणतात. हे रेणू बहुधा सेंद्रिय असतात. सोन्याच्या २ नॅनोमीटर व्यासाच्या कणात साधारण अडीचशे अणू असतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर. त्यांचे बंध अपुरे राहिल्याने उघडे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. लिगँडचे पहिले काम ही गर्दी थोपवण्याचे.

रेणूचे डोके कणाला धरते. सोन्याला गंधक मानवते, म्हणून तिथे थायॉल, म्हणजे टोकाला गंधक-हायड्रोजनचा गट असलेला रेणू. धातूंच्या ऑक्साइडांना कार्बॉक्सिलिक किंवा फॉस्फॉनिक आम्ल. शेपटी द्रावकात मिसळते, आणि खरी कारागिरी तिथेच आहे. स्टिअरिक आणि ओलेइक, दोन्ही आम्लांत कार्बनचे १८ अणू. पण ओलेइकच्या साखळीत मधोमध एका दुहेरी बंधाने बाक येतो. सरळ साखळ्या शेजारच्या कणावरच्या साखळ्यांत नीट रचल्या जातात आणि कण द्रावणातून बाहेर पडतात. वाकड्या साखळ्या रचल्या जात नाहीत. थंडीत तूप थिजते आणि शेंगदाण्याचे तेल वाहते राहते, त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण आहे.

१९९४ मध्ये ब्रुस्ट, शिफ्रिन आणि सहकाऱ्यांनी थायॉलच्या आवरणातले सोन्याचे कण द्रावणात बनवले; ते सुकवून पुन्हा विरघळवता येत. लिगँड कणावर ‘बसतो’ हे म्हणणे मात्र सोयीपुरतेच. १०२ सुवर्ण अणू आणि ४४ थायॉल रेणू असलेल्या कणाची स्फटिकरचना २००७ मध्ये उलगडली, तेव्हा गंधकाने सोन्याचे काही अणू गाभ्यातून बाहेर ओढून आपल्या मध्ये धरलेले दिसले.

विद्युत उपकरणांत हीच लांब शेपटी नडते. ती विद्युतरोधक असते, आणि इलेक्ट्रॉनला एका कणावरून दुसऱ्यावर जाणे अंतरागणिक झपाट्याने अवघड होते. म्हणून कण बनवताना लांब लिगँड वापरून पुढे तो बदलतात. २००९ मध्ये कोवालेंको, शेले आणि तलापिन यांनी त्याजागी धातू-गंधकाचे असेंद्रिय आयन बसवले. २०११ मध्ये अंगशुमन नाग आणि सहकाऱ्यांनी नुसत्या सल्फाइडसारख्या साध्या आयनांवर काम भागवले. नाग पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत आले.

शिशाच्या हॅलाइड पेरोव्स्काइटने (शिसे, ब्रोमीनसारखे हॅलोजन आणि सीझियमसारखा आयन यांचे स्फटिक) लिगँडच्या पकडीचा प्रश्न आणखी नाजूक केला. २०१५ पासून प्रचलित झालेल्या या कणांवर ओलेइक आम्ल आणि ओलेइल अमाइन सैलच बसतात; धुताना प्रोटॉनची देवघेव करून दोघेही निघून जातात. उपाय म्हणून धन आणि ऋण प्रभार एकाच रेणूत बांधले गेले. २०२४ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी पेशीपटलातील फॉस्फोलिपिडांच्या धर्तीवर असे रेणू रचले. त्यांत फॉस्फेट शिशाला धरते आणि अमोनियम गट पृष्ठभागावरच्या सीझियमच्या रिकाम्या जागेत शिरतो. नायट्रोजनवर तीन मिथिल गट असले, तर तो त्या खाचेत तितका नीट मावत नाही.